सरदारचा गुडघा आणि बदकवाले महाराज

देवाने माझी परीक्षा घ्यायची ठरवली आणि विषय निवडला गुडघ्याचा. एखादा भारदस्त विषय दिला असता तर मी छाती पुढे काढून चारचौघांत सांगितलं असतं. पण गुडघा! तोही माझ्या एकट्याचा नाही. मागच्या श्रावणात माझा उजवा गुडघा कोहळ्यासारखा सुजला आणि त्याच आठवड्यात आमच्या सरदारचा पुढचा उजवा गुडघाही सुजला. सरदार म्हणजे आमचा बैल. ओसरीवर खाटेवर मी आडवा, समोर गोठ्यात तो आडवा, दोघांची तोंडं एकमेकांकडे. रस्त्याने जाणारा कोणी थांबून विचारायचा, "काय मग, तब्येत कशी हाय?" मी कण्हत उत्तर द्यायला तोंड उघडलं की म्हणायचा, "तुमची नाही हो, सरदारची."

आमचं गाव आदिलाबादकडच्या बाजारहत्नूरच्या थोडं पुढे. कापूस, ज्वारी आणि विहिरीजवळ थोडा भाजीपाला एवढीच आमची दौलत. पण गावात मला ओळखतात ते माझ्या जिभेमुळे. पोळ्याच्या दिवशी सगळे बैल मारुतीपुढच्या तोरणाखाली उभे राहिले की झडत्या म्हणायच्या असतात. झडती म्हणजे खड्या आवाजात फेकलेल्या दोन ओळी, शेजाऱ्यापाजाऱ्याला काढलेला चिमटा, आणि शेवटी सगळ्या गावाचा 'हर हर महादेव'. तो मान बरीच वर्षं माझ्याकडे आहे. माझ्या एका हातात सरदार आणि त्याचा जोडीदार बैल राजा यांची दावी असतात, दुसरा हात हवेत असतो. नाटक कंपनीत गेलो असतो तर नाव काढलं असतं, असं मला वाटतं. बायकोला तसं वाटत नाही.

मी माहूरच्या दत्ताचा भक्त. वर्षातून एकदा गड चढायचा हा नेम. पण त्या श्रावणात खाटेवर पडून समोरच्या मुक्या जनावराकडे पाहताना माझ्या भक्तीत प्रथमच शंका शिरली. मला दुखतं ते ठीक. माझी जीभ अशी आहे की देवाला हिशेब चुकता करायला कारणं पुष्कळ मिळतील. पण सरदारने कोणाचं काय वाईट केलं? जनावरांचे डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले, पुन्हा येऊन गेले, आणि जाताना वयाकडे बोट दाखवून गेले. सरदार उठायचा प्रयत्न करायचा, पुढचा पाय टेकवायचा आणि पुन्हा बसायचा. बसताना माझ्याकडे असा पाहायचा, की जणू तोच माझी माफी मागतो आहे.

एका संध्याकाळी माझा मुलगा विलास ओसरीच्या पायरीवर येऊन बसला. तो माझ्याकडे न पाहता बोलला.

"बाबा, काऊन हाल करून राह्यले त्याचे?"

"मग काय करू म्हणतं?"

"इंद्रवेल्लीच्या बाजारात घेणारे येतात."

म्हाताऱ्या, लंगड्या बैलाला बाजारात जो घेतो, तो त्याला कुठे नेतो हे आमच्याकडे कोणी विचारत नाही, कारण सगळ्यांना ठाऊक असतं. विलास काही दगडाच्या काळजाचा नाही. 'सरदार' हे नाव त्यानेच ठेवलेलं. पण रोज डोळ्यांपुढे तडफड पाहून माणूस थकतो, आणि थकलेला माणूस शहाण्यासारखं बोलायला लागतो. मला त्याचा राग आला. मी खांबाला धरून एका पायावर उभा राहिलो आणि गर्जना केली, "पोळ्याले सरदार आपल्या पायानं तोरणाखाली गेला नाही, तर पुढच्या बाजाराले तूच घेऊन जा! मी आडवा येनार नाही!"

वाक्य जोरदार झालं. आवाज गोठ्यापर्यंत घुमला. मग खाली बसलो आणि मला कळलं, की टाळ्यांच्या वाक्यापायी मी सरदारच्या गळ्यात सुरी बांधून ठेवली आहे. पोळा जवळ येत होता. विलास "बरं" म्हणून उठून गेला. बायको दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिने फक्त मान हलवली. ती मान मला डॉक्टरच्या बोटापेक्षा जास्त लागली.

आता मुख्य गोष्ट. दोनचार दिवसांनी दुपारी भुरभुर पाऊस पडत होता. रस्त्यावरून एक पांढरी स्कूटर आली आणि आमच्या दारात थांबली. चालवणाऱ्याच्या अंगात पायघोळ पांढरा रेनकोट, डोक्यावर पांढरं हेल्मेट आणि हेल्मेटची काच पावसाने धुरकटलेली. तो ओसरीच्या वळचणीला येऊन उभा राहिला. एरवी आमच्याकडे आलेल्या माणसाला मी बसायला घोंगडी देतो, सुपारी कातरून देतो, गोष्टी सांगून त्याची एसटी चुकवतो. त्या दिवशी काहीच जमेना. मी पडल्या जागेवरून रामराम केला आणि म्हणालो, "माफ करा, उठता येत नाही. गुडघ्यानं धरलं." बायकोने पाणी आणून दिलं. त्याने काच थोडी वर करून ते प्यायलं, तांब्या खाली ठेवला, काच पुन्हा खाली आली. क्षणभर तो गोठ्याच्या आणि खाटेच्या मधोमध कुठेतरी पाहत उभा राहिला. मग अगदी शांतपणे म्हणाला:

"गुडघा सुजला न? मग आयक माहं. गव्हाची कणीक दुधात शिजव, घट्ट. गरम गरम गुडघ्यावर बांध. उतरते. काळजी नोको करू."

एवढं बोलून त्याने हात जोडले, स्कूटर सुरू केली आणि तो पावसात दिसेनासा झाला. नाव सांगितलं नाही, गाव सांगितलं नाही. मी बराच वेळ त्या ओल्या रस्त्याकडे पाहत राहिलो. मग दत्ताचं नाव घेतलं. मी हाक मारली, "विलासची माय, कणीक घे! दूध घे!"

"घेतलीच," ती आतून म्हणाली. तिने गव्हाचं पीठ दुधात घट्ट शिजवलं, हळद स्वतःच्या मनाने टाकली, आणि वाफाळलेला गंज, म्हणजे आमचं पातेलं, घेऊन माझ्यासमोरून सरळ गोठ्याकडे निघाली.

"अवो, कुठं चालली? इकडे आन!"

"अजी, तुमाले कोनी सांगितलं? त्यानं सरदारसाठी सांगितलं."

"माह्याकडे पाहून बोलला तो!"

"टोपाच्या काचेतून तुमाले त्याचे डोळे दिसले? अन् अनोळखी मानूस तुमच्यासारख्या पिकल्या मानसाले 'बांध', 'शिजव' म्हनंल का? बैलालेच म्हटलं."

"साधुसंत देवालेही एकेरीत बोलतात," मी ठणकावून सांगितलं. "अन् बैल कणीक कशी शिजवंल?"

ती म्हणाली, "मग अर्धं अर्धं." पण अर्धं कसलं! सरदारच्या गुडघ्याला तीन ओंजळी आणि माझ्या गुडघ्याला गंज खरवडून निघालं तेवढं. त्याला जुन्या नऊवारीची पट्टी, मला बनियनची. रोज सकाळ-संध्याकाळ हा विधी सुरू झाला. एकाच गंजातलं पोटीस, एकाच चुलीवरचं, आणि दोन रोगी. गावात बातमी पसरली तसे लोक मुद्दाम पाहायला येऊ लागले. मी त्यांना पांढऱ्या घोडेस्वाराची गोष्ट सांगू लागलो. स्कूटर मी गोष्टीतून केव्हा काढली ते मलाही आठवत नाही.

माझी सूज उतरली. आधी रात्रीची कळ गेली, मग पाय दुमडायला लागला, मग मी काठीशिवाय विहिरीपर्यंत जाऊन आलो. सरदारची सूजही उतरली, हे सगळ्यांनी हात लावून पाहिलं. पण तो उठेना. पाय पुढे घ्यायचा, विचार करायचा आणि सोडून द्यायचा. पोळा तोंडावर आला तरी तो बसलेलाच. मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की माझ्यावर कृपा झाली. पण गोठ्याकडे पाहिलं की गोष्ट अर्धी सोडून त्याला चारा टाकायला उठायचो.

पोळ्याच्या साजासाठी मी आदिलाबादला गेलो. बेगड, घुंगरं, शिंगांचा रंग घ्यायचा होता. राजासाठी घेताना मी सरदारसाठीही घेतलं. दुकानदाराला काय माहीत की त्यातला एक साज बसलेल्या बैलासाठी आहे. परतताना बायकोच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गावाबाहेरच्या मिशनच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या सिस्टर केरळच्या, पण मराठी आमच्याकडच्या पेशंटांकडून उचललेली, त्यामुळे अस्सल आमचीच. गोळ्या येईपर्यंत मी बाकावर बसलो आणि समोरच्या भिंतीवरची चौकट पाहू लागलो. मधोमध जाड कफनीतला एक काटकुळा साधू. त्याच्या पायाशी बदकं बसलेली. मला वाटलं, जनावरांच्या डॉक्टरांचे कोणी गुरू असतील. मग चौकटीच्या कोपऱ्यात पाहिलं आणि मी बाकावरून उठलोच. एक मुलगा भिंतीला टेकून बसलेला, गुडघा सुजलेला. आणि समोर पांढऱ्या कपड्यातला एक माणूस, पांढऱ्या घोड्यावर.

"सिस्टर!" मी ओरडलो. दवाखान्यातल्या सगळ्या बायका माझ्याकडे पाहायला लागल्या. "हे कोन हायेत?"

"हळू, काका. काऊन वरडून राह्यले? संत कथबर्ट हायेत ते. इंग्लंडचे. पूर्वी इथं एक इंग्रज डॉक्टरीणबाई होत्या, त्या ठेवून गेल्या."

"आन् तो घोडेस्वार काय सांगून राह्यला पोराले?"

सिस्टर हसल्या. "औषध. गव्हाचं पीठ दुधात शिजव अन् गरम गरम बांध."

मी पुन्हा बाकावर बसलो. गोळ्या आल्या तरी मी उठलो नाही. सिस्टरांची चहाची वेळ झाली होती, आणि ऐकणारा असा तोंड उघडं टाकून बसलेला मिळाला की कोणालाही सांगावंसं वाटतं. त्यांनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. नाव घेताना माझी जीभ अडखळते, म्हणून मी त्यांना बदकवाले महाराज म्हणतो. ते रागावणार नाहीत, त्यांचा स्वभाव मला आता माहीत आहे.

तेराशे वर्षांपेक्षाही जुनी गोष्ट. इंग्लंडच्या उत्तरेला, थंडगार डोंगरांत हे महाराज मेंढ्या राखत. लहानपणी उड्या मारण्यात, कुस्तीत पहिले. मग गुडघा सुजला, पाय आखडला. एक दिवस पांढऱ्या वस्त्रातला स्वार दारात आला आणि म्हणाला, पाहुण्याला काही देशील का? मुलगा म्हणाला, उठून वाढलं असतं, पण या गुडघ्याने बांधून टाकलंय. स्वार उतरला, गुडघा पाहिला, औषध सांगितलं आणि गेला. मुलाने निमूटपणे केलं. पाय बरा झाला, आणि पुढे त्याला कळलं की आलेला पाहुणा माणूस नव्हता. मोठा झाल्यावर मेंढ्या राखताना त्याने आभाळात उजेड पाहिला आणि तो मठात गेला. मठात गेला म्हणून बसून राहिला नाही. जिथे दुसरं कोणी जात नसे अशा डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर तो चालत जायचा, लोकांजवळ बसायचा, त्यांचं ऐकायचा. समुद्रात गळ्यापर्यंत उभं राहून प्रार्थना करायचा, आणि बाहेर आला की पाणमांजरं येऊन त्याचे पाय आपल्या श्वासाने उबदार करायची.

मग एका निर्जन बेटावर त्याने झोपडी बांधली आणि जव पेरले. पाखरं पिकावर आली. आपण गोफण घेतो, डबा बडवतो. महाराजांनी पाखरांना विचारलं, तुम्ही पेरलं नाही ते खायची तुम्हाला देवाची परवानगी आहे का? असेल तर खा. नसेल तर दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नका. पाखरं उडून गेली! कावळ्यांनी पाहुण्यांच्या झोपडीच्या छपराचं गवत उपसलं तेव्हा महाराज त्यांच्यावर रागावले. दोनचार दिवसांनी कावळा मान खाली घालून, पंख पसरून आला आणि माफी म्हणून चरबीचा गोळा ठेवून गेला. महाराजांनी तो टाकला नाही. येणाऱ्या पाहुण्यांना सांगायचे, घ्या, जोड्यांना लावा. असा संत मला आवडतो, ज्याच्याकडे कावळ्याचा माफीनामाही पाहुण्यांच्या जोड्यांच्या कामी येतो. बदकांना त्यांनी अभय दिलं, आणि त्या किनाऱ्यावरची बदकं अजून त्यांच्या नावाने ओळखली जातात. पुढे लोकांनी त्यांना धरून मोठ्या पदावर बसवलं. ते रडत गेले आणि मरण जवळ आलं तसे बेटावर परत आले.

"मग संपलं?" मी विचारलं.

"संपते कुठं!" सिस्टर म्हणाल्या. महाराज गेल्यावर बऱ्याच काळाने समुद्रावरून लुटारू आले. मठातल्या साधूंनी महाराजांच्या देहाची पेटी खांद्यावर घेतली आणि वर्षानुवर्षं गावोगाव फिरले. त्यांच्यानंतरच्या साधूंनीही ती अशीच वाहिली. शेवटी एका जागी पेटी जड झाली, हलेना. स्वप्नात खूण मिळाली की अमुक टेकडीवर न्या. पण ती टेकडी कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. सगळे हताश उभे. तेवढ्यात बाजूने दोन बायका बोलत चालल्या होत्या. एक म्हणाली, माझी भुरी गाय दिसली का गं? दुसरी म्हणाली, हो, त्या टेकडीकडे गेली. आणि नाव तेच घेतलं! साधू त्या गायवालीच्या मागे निघाले, पेटी हलकी झाली, आणि जिथे पोचली तिथे आज डोंगराएवढं देऊळ उभं आहे.

गायीचा भाग मला गोड वाटला, पण तो मी चहाबरोबर गिळून टाकला. माझ्या डोक्यात घोडा नाचत होता. घरी आलो तो उड्या मारतच, नव्या गुडघ्याने. ओसरीवरून ओरडलो, "विलासची माय! हरली तू! पुरावा मिळाला! गुडघा मानसाचाच होता! तेराशे वर्षांपासून मानसाचाच हाय!" आणि सगळी गोष्ट हातवारे करून सांगितली. तिने शांतपणे ऐकली, आणि मला वाटतं महाराज तिला आवडले. कावळ्याच्या ठिकाणी तर ती हसलीसुद्धा. मग म्हणाली, "मग हा जो बसून हाय, त्याच्यासाठी कोन येनार?"

मी गोठ्याकडे पाहिलं. आनंद असा उतरला, जशी गंजातली वाफ.

दुसऱ्या दिवशी खांदेमळणी होती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीने चोळायचे आणि त्यांना आमंत्रण द्यायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. मी राजाचे खांदे चोळले. मग सरदारजवळ बसलो. त्याच्या खांद्यावर जुवाने पडलेला घट्टा आहे, तो माझ्या तळहाताखाली आला. आमच्या सगळ्या घराने त्या घट्ट्यावर जेवण केलं आहे. मला आवतण देताच येईना. मी पोळ्याची अट घातली होती ती विलासला, असं मी समजत होतो. खरी अट मी देवाला घातली होती: लोकांसमोर माझं वाक्य खरं कर. त्या संध्याकाळी मी ती अट मागे घेतली. दत्ताला म्हणालो, दोन्ही गुडघे तुझे. माझा घ्यायचा असेल तर परत घे. हा उठला तरी तुझा, बसला तरी तुझा. आणि मग, कारण जिभेला गप्प बसवत नाही, सरदारला बदकवाल्या महाराजांची सगळी गोष्ट सांगितली, पाणमांजरांसकट. त्याने कान हलवले. इतका शांत ऐकणारा मला आयुष्यात मिळाला नाही. शेवटी म्हणालो, "आज आवतन घे बाबा, उद्या जेवाले ये. चालत ये नाहीतर बसल्या जागी ये, घास तुह्या तोंडापर्यंत येईन."

पोळ्याच्या दिवशी दुपारी डफडी वाजू लागली. विलासने राजाला रंगवलं, साज चढवला आणि दावं सोडून त्याला बाहेर काढलं. राजा दारापर्यंत गेला आणि थांबला. मागे वळून पाहिलं. इतक्या वर्षांत तो एकटा कधीच त्या दारातून पोळ्याला गेला नव्हता. विलासने दावं ओढलं. तेव्हा गोठ्यातून सरदार असा हंबरला की चुलीवरची पुरणपोळी सोडून बायको धावत आली. त्याने पुढचा डावा पाय टेकवला, मग उजवा. उजवा थरथरला. मागचे पाय उठले, आणि सरदार उभा राहिला. जसा कोणी म्हातारा लग्नाच्या मांडवात 'थांबा, मी येतो' म्हणून उठतो, तसा.

मी त्याला शिंगांपासून शेपटीपर्यंत सजवलं नाही, तेवढा धीर नव्हता. नुसतं बेगड लावलं आणि दावं हातात घेतलं. तोरण दूर नाही, पण त्या दिवशी ते मला माहूरएवढं वाटलं. घाईत माझाही गुडघा पुन्हा बोलायला लागला होता. मी उजव्या पायाने लंगडत होतो, तोही उजव्या पायाने लंगडत होता. लोक दुतर्फा उभे राहून हसत होते, आणि मी त्यांना हसू दिलं. मधेच मी दावं थोडं ओढलं असेन, तर मागून विलासचा आवाज आला, "हळू ने ना बाबा त्याले! घाई काऊन करून राह्यले?" मला कळलं, बाजार मिटला. सरदार तोरणाखाली गेला. झडतीसाठी मी हात वर केला आणि जे तोंडात आलं ते फेकलं:

"चार पायाचा लंगडा मागे, दोन पायाचा पुढे,
एका गंजातल्या कणकेनं दोघं झाले खडे!"

गावाने केलेला तो 'हर हर महादेव' अजून माझ्या कानात आहे.

गोष्ट इथे संपवली असती तर मी नीट माणूस ठरलो असतो. पण पोळ्यानंतर काही दिवसांनी, ऊन पडलेलं असताना, तीच पांढरी स्कूटर दारात थांबली. रेनकोट नव्हता. चेक्सचा शर्ट, पोटावर बॅग, बियाण्यांच्या दुकानांना माल पुरवणारा पंचविशीतला पोरगा. म्हणाला, "काकाजी, त्या दिवशी पानी दिलं होतं तुमी. आज बी तहान लागली." मी उठलो, धावलो आणि भर रस्त्यात त्याचे पाय धरले. तो घाबरून स्कूटरवर आदळला.

"काकाजी! काय करून राह्यले?"

"तुमी सांगितलं ते औषध! गव्हाची कणीक, दूध!"

मग त्याने हेल्मेट काढलं, आणि कानातून बोंडाएवढं पांढरं यंत्र काढून दाखवलं. "ते तर मी मायले सांगत होतो. फोनवर. तिचा गुडघा सुजला होता."

"पन तुमी माह्याकडे पाहून..."

"मी तुमच्या अंगणातल्या चिंचेकडे पाहून राह्यलो होतो, काकाजी. तुमाले रस्ता इचाराचा होता, तेवढ्यात तिचा फोन आला."

माझ्या मागे धप्पकन आवाज झाला. बायको उंबरठ्यावर बसून पदर तोंडात कोंबून हसत होती. "ना तुमाले! ना सरदारले!" एवढंच तिला बोलता येत होतं. मी उभा होतो, तेराशे वर्षांच्या पुराव्यासकट. आणि तेव्हा मी चहाबरोबर गिळलेली ती गाय परत आली. त्या दोन बायकाही साधूंशी बोलत नव्हत्या. त्यांना कुठली पेटी, कुठला संत? एकीची गाय हरवली होती, दुसरीने सांगितलं. बाजूला उभ्या असलेल्या थकल्या माणसांनी ते कानावर घेतलं आणि पाय उचलले. त्यांनी विचारलं नाही की हे आमच्यासाठी होतं का.

"मग मायचा गुडघा?" मी विचारलं.

"ती कुठं आयकते! म्हनते, तू डॉक्टर हायेस का? बांधलंच नाही. तशीच हाय, किनवटले, खाटेवर."

"लाव फोन."

त्याने लावला. मी ते बोंड कानात घातलं, घसा साफ केला, आणि आयुष्यात प्रथमच प्रस्तावना न करता बोललो. "माय, रामराम. तुमचं औषध तुमच्याआधी आमच्या बैलानं घेतलं."

"कोन बोलून राह्यलं?"

"बैलाचा मालक."

मग पलीकडून सावकाश आवाज आला, "बैल कसा हाय मग?"

मी गोठ्याकडे पाहिलं. "उभा हाय, माय. चारा खाऊन राह्यला."

मग म्हातारीने विचारलं, "कणीक किती घेतली होती?"

बायकोने यंत्र माझ्या कानातून काढून घेतलं. पुढचं तिने सांगितलं, हळदीसकट.

आता मी कोणाशी वाद घालत नाही. पांढरा घोडा होता की स्कूटर होती, सरदार कणकेने उठला की राजाच्या विरहाने, ते देव जाणे, आणि त्याला मी विचारत नाही. दत्तात्रेयांनी चोवीस गुरू केले, त्यांत कबुतरही आहे आणि अजगरही. माझ्या घरी आता एक इंग्रज साधू आहे, बदकांसकट. सिस्टरांनी त्या चौकटीचा फोटो काढू दिला, तो मी दत्ताशेजारी लावला आहे. मला एवढंच कळलं, की कृपेच्या पाकिटावर कोणाचा पत्ता नसतो. ती रस्त्याने बोलत जाते, दुसऱ्याच कोणाशी तरी. आपण पडल्या जागेवरून रामराम करावा, पाणी द्यावं, आणि जे कानावर पडेल ते आपलंच समजून गंज चुलीवर चढवावा. परवा किनवटहून निरोप आला. माय अंगणापर्यंत चालत गेली आणि विचारून राहिली आहे, की बैलाला आता ज्वारीचा कडबा चालतो का.